‘१९१७’ चित्रपटातलं युद्ध: खरं किती, न पटणारं किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅम मेंडिस यांचा ‘१९१७’ भारतात जानेवारी २०२० मध्ये लागला, आणि तेव्हापासून त्याच्या खरेपणाबद्दल तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. गोष्ट पहिल्या महायुद्धातली, ६ एप्रिल १९१७ ची: जर्मन माघार हा सापळा आहे, उद्याचा हल्ला थांबवा, असा जनरलचा निरोप घेऊन ब्लेक आणि स्कोफिल्ड हे दोन ब्रिटिश सैनिक एकूस्त गावावरून क्रुआझीयच्या रानात, कर्नल मॅकेन्झीच्या दुसऱ्या डेव्हन बटालियनकडे पायी निघतात. निरोप पोचला नाही तर दोन बटालियन, म्हणजे १,६०० माणसं मरणार असतात. बहुतेकांचं बोट दुधाच्या बादलीवर आणि धबधब्यावर असतं. आमच्या मते चित्रपटाच्या खऱ्या अडचणी तोफखान्यात, पुरवठ्यात आणि निरोप पाठवण्याच्या पद्धतीत आहेत. आणि सगळ्यांना जो भाग सर्वांत अविश्वसनीय वाटतो, तो चित्रपटातल्याच एकूस्त गावाशेजारी पाच दिवसांनी खरोखर घडला. खाली कथानक शेवटापर्यंत उघड केलं आहे. चित्रपट पाहायचा असेल तर आधी तो पाहा.

ही गोष्ट खरी आहे का?

पात्रं आणि मोहीम काल्पनिक आहेत. बीज मात्र खऱ्या आठवणींतलं आहे. मेंडिस यांचे आजोबा आल्फ्रेड मेंडिस मूळचे त्रिनिदादचे. ते रायफल ब्रिगेडच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. ऑक्टोबर १९१७ मध्ये बेल्जियममधल्या पुलकापेलच्या लढाईत केलेल्या कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी मेडल मिळालं. चित्रपटानं तो प्रसंग न घेता सहा महिने आधीची, फ्रान्समधल्या जर्मन माघारीची पार्श्वभूमी निवडली आहे. ती माघार खरी आहे.

जर्मन सैन्य सगळं सोडून मागे का गेलं होतं?

१९१६ च्या सॉमच्या लढाईनंतर जर्मन आघाडीला एक मोठा, वेडावाकडा फुगवटा आला होता. तो राखायला फार माणसं लागत होती. म्हणून त्यांनी मागे काँक्रीटची, काटेरी तारांच्या रुंद पट्ट्यांची नवी रेषा बांधली. ब्रिटिश तिला हिंडेनबुर्ग लाइन म्हणत, जर्मन सिगफ्रीड. ९ फेब्रुवारी १९१७ पासून मधला मुलूख उद्ध्वस्त करण्याचं काम सुरू झालं आणि १६ ते २० मार्च या दिवसांत मुख्य फौज मागे सरकली. या मोहिमेचं नाव आल्बेरिख. आघाडी सुमारे चाळीस किलोमीटरनं आखूड झाली आणि तेरा-चौदा डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) मोकळ्या झाल्या.

जाताना त्यांनी घरं पाडली, चौकाचौकांत सुरुंग लावून रस्ते उडवले, फळझाडं बुंध्यापासून तोडली, विहिरी शेण आणि मेलेली जनावरं टाकून नासवल्या, तळघरांत आणि डगआउटमध्ये, म्हणजे खंदकाखालच्या खोदीव खोल्यांत, सापळे लावले. चित्रपटातले तोडलेले चेरीचे बाग, नासवलेल्या तोफा आणि सापळ्याची तार हे सगळं या नोंदींशी जुळतं.

मग ६ एप्रिल ही तारीख बरोबर आहे का?

इथे चित्रपटाचं गणित पहिल्यांदा बिघडतं. सुरुवातीला ब्रिटिश खंदकातल्या कोणालाच समोरचे जर्मन गेलेत यावर विश्वास बसत नाही. ही अवस्था मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली. ऑस्ट्रेलियन सैन्य १७ मार्चला बापोम शहरात शिरलं होतं. ६ एप्रिलपर्यंत जुनी आघाडी कित्येक किलोमीटर मागे पडली होती. तिथे तेव्हा रस्ते भरणाऱ्या मजुरांच्या तुकड्या, खच्चरांच्या रांगा, पाण्याच्या गाड्या आणि रेल्वेचे रूळ टाकणारे इंजिनिअर दिसायला हवेत. दोन माणसं जीव मुठीत धरून दोन सैन्यांमधली ओसाड ‘नो मॅन्स लँड’ ओलांडताहेत, हे दृश्य त्या तारखेला बसत नाही.

उलट शेवटचा भाग, म्हणजे हिंडेनबुर्ग लाइनसमोर हल्ल्याच्या तयारीत असलेली फौज, एप्रिलमध्येच शोभतो. चित्रपटानं तीन आठवडे एका दिवसात कोंबले आहेत.

आणखी एक गोष्ट. आरास शहराजवळच्या मोठ्या ब्रिटिश चढाईआधीचा तोफांचा भडिमार ४ एप्रिलला सुरू झाला होता आणि ९ एप्रिलच्या पहाटेपर्यंत चालला. सुमारे २,८०० तोफा. क्रुआझीय गाव आरासपासून बारा-तेरा किलोमीटरवर, त्या चढाईच्या दक्षिण टोकाशी आहे. ६ आणि ७ एप्रिलला तिथल्या रानात बसलेल्या माणसाला दिवसरात्र तोफांची घरघर ऐकू आली असती, पायाखालची जमीनही थरथरली असती. चित्रपटात सैनिक निःशब्द बसून एकाचं गाणं ऐकतात. दृश्य सुंदर आहे, पण त्या तारखेला त्या जागी ती शांतता नव्हती.

एकूस्त आणि क्रुआझीय ही गावं खरी आहेत का? आणि दुसरी डेव्हन बटालियन तिथे होती का?

गावं खरी आहेत आणि एकमेकांपासून तीन-चार किलोमीटरवर आहेत. पण दोन्ही २ एप्रिललाच ब्रिटिशांनी घेतली होती. एकूस्त घेणाऱ्या बटालियन डेव्हनशायर रेजिमेंटच्याच होत्या, मात्र आठवी आणि नववी. दुसरी डेव्हन तेव्हा आठव्या डिव्हिजनमध्ये, बऱ्याच दक्षिणेला होती. म्हणजे चित्रपटात नायक ज्या एकूस्तमध्ये रात्रभर जर्मनांपासून पळतो, तिथे चार दिवस आधीपासून डेव्हनचेच लोक होते.

इतका महत्त्वाचा निरोप फक्त दोन माणसांबरोबर कोण पाठवेल?

सर्वांत जास्त विचारला जाणारा हा प्रश्न रास्त आहे. त्या वेळी हाताशी असलेली साधनं एकेक करून पाहू.

टेलिफोन: तारा कापल्या गेल्या, असं जनरल सांगतो. हे पटतं. स्थिर आघाडीवर तारा सहा फूट खोल पुरत, पण नव्यानं जिंकलेल्या मुलखात त्या जमिनीवरच पसरलेल्या असत. खच्चरांचे खूर, तोफांची चाकं आणि पडणारे गोळे यांनी त्या रोज तुटत. पण म्हणूनच तारा जोडणारे लाइनमन दिवसभर त्यांच्यामागे फिरत असत. हल्ल्याला अजून पंधरा-सोळा तास बाकी असताना ‘तार तुटली’ म्हणून कोणी हात टेकले नसते.

कबुतरं: इथे उपयोगी नाहीत. कबुतर फक्त आपल्या खुराड्याकडे परत जातं आणि खुराडी मागच्या तळावर असतात. आघाडीवरून मागे निरोप येतो, मागून पुढे जात नाही.

दिवे आणि आरसे: दोन ठिकाणं एकमेकांना थेट दिसली पाहिजेत. मध्ये टेकडी किंवा धुकं आलं की संपलं.

मोटारसायकलस्वार आणि घोडेस्वार: खड्डे पडलेल्या रस्त्यावर मोटारसायकल अडते. घोडा वळसा घालून जाऊ शकतो. त्या आठवड्यांत ब्रिटिश आणि भारतीय घोडदळ याच पट्ट्यात, जर्मनांच्या मागावर, आघाडीला होतं.

विमान: हे चित्रपटातलं सर्वांत मोठं भोक. जनरलला धोका कळला तो हवाई छायाचित्रांवरून. म्हणजे नुकतंच एक विमान त्या रेषेवरून फिरून आलं होतं. वजन बांधलेल्या, रंगीत फिती लावलेल्या पिशवीतून निरोप खाली टाकणं ही १९१७ मध्ये रोजची पद्धत होती आणि खालचे लोक जमिनीवर कापडाचे पट्टे पसरून आपली जागा दाखवत. हे खरं की एप्रिल १९१७ मध्ये ब्रिटिश हवाई दलानं २४५ विमानं गमावली, आणि झाडीत लपलेली बटालियन वरून सहज सापडत नाही. तरीही तीन प्रती तीन फेऱ्यांत टाकणं हे दोन पोरांना पायी पाठवण्यापेक्षा शहाणपणाचं होतं.

रनर: शेवटी पायी निरोप्याच पाठवायचा तर तो जोडीनं आणि एकाहून अधिक वाटांनी पाठवत, प्रत्येक जोडीकडे तोच कागद. नेमलेल्या रनरच्या डाव्या बाहीवर लाल पट्टी असे, म्हणजे वाटेत कोणी अधिकारी त्याला अडवून दुसऱ्या कामाला लावत नसे. चित्रपटानं नुसता एक संवाद ठेवला असता, की आणखी दोन जोड्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या वाटेनं निघाल्या आहेत, तर हा आक्षेपच उरला नसता. गोष्टीचा ताणही कमी झाला नसता, कारण त्या जोड्या पोचल्या की नाही हे नायकाला कळणारच नव्हतं.

वाटेत ट्रकचा ताफा भेटतो. ट्रक जातात तर हे दोघे पायी का?

चित्रपटाकडे याचं उत्तर नाही. यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे: ते १,६०० लोक तिथे जेवतात काय?

माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर पाणी धरलं तर सात हजार दोनशे लिटर होतं. घोड्यांनी ओढलेल्या सैनिकी पाणीगाडीत सुमारे पाचशे लिटर मावत. विहिरी नासवलेल्या, म्हणजे पाणी मागूनच येणार. चौदा-पंधरा गाड्या, किंवा कमी गाड्यांच्या अनेक फेऱ्या, रोज. त्यावर शिधा, काडतुसं, जखमींना परत नेणाऱ्या गाड्या. ज्या वाटेनं हे सगळं जातं त्याच वाटेनं निरोपही जातो. बटालियन पुढे गेली आणि मागे फक्त शत्रूचा मुलूख उरला असं होत नाही. त्या दोन बटालियन पूर्ण तुटल्या होत्या असं मानायचं, तर त्या हल्ला कशाच्या जोरावर करणार होत्या?

थोडी बाजू घ्यायची तर इतकं म्हणता येईल: शेजारच्या विभागातला ताफा आपला नसतो. दोन कोअरच्या हद्दीवरचं दळणवळण वरून फिरून यायचं आणि त्यात तास जायचे. मेजाशी बसलेल्या जनरलला चार मैलांवरून जाणारे दुसऱ्याचे ट्रक माहीत नसणं शक्य आहे. चिखलात रुतलेला ट्रक ढकलण्याचं दृश्य मात्र अगदी खरं आहे. त्या तीन टनी ट्रकांना हवेचे टायर नव्हते, भरीव रबराचे होते. ओल्या मातीत ते जागीच गरगरत.

तोफखान्याशिवाय, सापळ्यात चालत जाणारा हल्ला कोणी करेल का? हे फारच बनावट वाटतं.

नियम पाहिले तर बनावटच आहे. १९१७ पर्यंत ब्रिटिश सैन्यानं सॉमची किंमत मोजून दोन गोष्टी शिकल्या होत्या. तारा कापल्याशिवाय पायदळ पाठवायचं नाही, आणि पायदळाच्या पुढे तोफगोळ्यांचा सरकता पडदा ठेवायचा. आरासला तो पडदा चार मिनिटांना शंभर यार्ड या वेगानं पुढे सरकत होता. तारेला टेकताच, जमिनीत न शिरता फुटणारा १०६ क्रमांकाचा नवा फ्यूज याच सुमारास हाती आला होता. चित्रपटातल्या शेवटच्या हल्ल्यात ब्रिटिश तोफा जवळजवळ नाहीतच. गोळे पडतात ते जर्मनांचे.

आता त्याच परिसरात काय घडलं ते पाहा. एकूस्तपासून दोन-तीन किलोमीटरवर ब्यूलकूर आहे. ११ एप्रिल १९१७ च्या पहाटे चौथ्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनला तिथे हिंडेनबुर्ग लाइनवर पाठवण्यात आलं. तोफखान्याचा पडदा नव्हता. त्याऐवजी डझनभर रणगाडे तारा तुडवतील असं ठरलं होतं. बर्फ पडलेलं, रणगाडे बहुतेक वाटेतच बिघडले किंवा पेटले. पायदळ तरीही जर्मन खंदकात घुसलं आणि मागची वाट बंद झाली. चौथ्या ब्रिगेडचे ३,००० पैकी २,३३९ लोक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. चौथी आणि बारावी अशा दोन्ही ब्रिगेड मिळून ११७० ऑस्ट्रेलियन कैद झाले. हा हल्ला रेटणारे होते फिफ्थ आर्मीचे जनरल गॉफ.

निरोपाचं काय झालं तेही इथेच आहे. हा हल्ला मुळात १० एप्रिलला होता. बर्फाच्या वादळात रणगाडे वेळेवर पोचले नाहीत, म्हणून शेवटच्या क्षणी तो रद्द झाला. पण शेजारच्या ६२ व्या ब्रिटिश डिव्हिजनला रद्द झाल्याचं कळवलंच गेलं नाही. त्यांच्या वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या तुकड्या ठरल्याप्रमाणे पुढे गेल्या आणि १६२ माणसं गमावून परतल्या. ‘हल्ला रद्द’ हा निरोप न पोचल्यानं माणसं मेली, हेच या चित्रपटाचं कथानक. लेखक-दिग्दर्शकानं घटना बदलली असेल, पण भीती खरी आहे. म्हणून या प्रश्नावर आम्ही चित्रपटाच्या बाजूनं उभे राहतो.

कर्नल मॅकेन्झी स्वतःच्या मर्जीनं हल्ला करू शकतो का?

ठरवून केलेल्या मोठ्या हल्ल्यात नाही. आदेश आर्मीकडून कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड असा उतरत बटालियनपर्यंत येतो, आणि दोन बटालियन एकत्र लढणार असतील तर वर ब्रिगेडिअर असतो. पण शत्रूचा पाठलाग चालू असताना आघाडीच्या तुकड्यांच्या प्रमुखांना बरीच मोकळीक दिलेली असे. मार्च १९१७ च्या शेवटच्या दिवसांत असे छोटे, स्थानिक हल्ले गावागावांवर झाले. त्यामुळे कर्नल उतावीळ आहे हे पटतं. ब्रिगेड कुठेच दिसत नाही, हे पटत नाही.

१,६०० हा आकडा मात्र चांगला निवडला आहे. कागदावर बटालियन हजाराची असली तरी १९१७ मध्ये प्रत्यक्ष सहाशे ते आठशे माणसंच असत. दोन बटालियन म्हणजे १,६०० ही भरलेली, पण शक्य संख्या.

डगआउटमधला स्फोट: उंदीर तारेवर पडतो, छत कोसळतं, दोघे वाचतात. शक्य आहे?

सापळा खरा आहे. जर्मन डगआउट सहा ते नऊ मीटर खोल, लाकडी आधारांचे, खाटा असलेले होते आणि तिथे तारांचे सापळे लावलेले सापडले. याहून भयंकर होते उशिरानं फुटणारे. आम्ल हळूहळू एक तार खात राही आणि ती तुटली की सुरुंगाचा खटका सुटे. बापोमचं नगर सभागृह ताब्यात आल्यावर आठ दिवसांनी, २५ मार्चच्या रात्री, असंच उडालं.

वाचणं मात्र अवघड आहे. बंद जागेत स्फोटाची लाट भिंतींवर आपटून परत येते, त्यामुळे तिचा मार उघड्यापेक्षा कितीतरी जास्त. सुमारे ३५ किलोपास्कल दाबाला कानाचे पडदे फाटू लागतात, शंभरच्या आसपास फुप्फुसांना इजा सुरू होते. काही मीटरवर झालेल्या स्फोटानंतर दोघे पाच मिनिटांत हलक्या आवाजात बोलू लागतात. निदान कानांत शिट्टी, ओरडून बोलणं, नाकातून रक्त एवढं तरी हवं होतं. स्कोफिल्ड ढिगाऱ्याखाली गाडला जातो तेही पाहा. ओल्या खडूच्या दगडाचा एक घनमीटर म्हणजे जवळजवळ दोन टन. छातीवर त्याचा चौथा हिस्सा असला तरी श्वास घेता येत नाही. ब्लेक हातांनी उपसून त्याला वाचवतो, म्हणजे अंगावर माती पातळच होती असं धरावं लागतं. डोळ्यांत धूळ गेल्यामुळे आंधळेपणानं चालणं मात्र उत्तम दाखवलं आहे.

तारेनं फाटलेला हात तो सडक्या प्रेतात घालतो. त्याला संसर्ग कसा होत नाही?

होणार, पण चित्रपट संपल्यावर. तिथली शेतजमीन शतकानुशतकं शेणखत खाल्लेली होती आणि गॅस गँग्रीनचे व धनुर्वाताचे जंतू तिथे मुबलक होते. गॅस गँग्रीन साधारण एक ते चार दिवसांत दिसू लागतो, धनुर्वात त्याहून उशिरा. कथा एका दिवसाची आहे. प्रत्येक सैनिकाच्या कोटाच्या आतल्या कप्प्यात दोन पट्ट्या आणि आयोडीनची कुपी असे. स्कोफिल्ड पट्टी बांधतो ते बरोबर. मागे गेल्यावर त्याला धनुर्वातविरोधी सीरम टोचलं गेलं असतं आणि जखम उघडून साफ केली असती.

खरी चूक पकडीची आहे. तळहातात खोल भोक पडलेल्या माणसाचा हात काही तासांत सुजतो, बोटं वळत नाहीत. तो त्याच हातांनी रायफल चालवतो, पुलाच्या लोखंडावर लटकतो.

ब्लेक इतक्या लवकर मरतो का?

हो. कोसळलेल्या विमानातून वाचवलेला जर्मन वैमानिक त्याला भोसकतो. हे दृश्य वैद्यकीयदृष्ट्या संपूर्ण चित्रपटात सर्वांत खरं आहे. सुऱ्याचा वार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर किंवा यकृतावर बसला तर बाहेर थोडंच रक्त दिसतं, उरलेलं आत साचतं. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त. त्यातलं चाळीस टक्के, म्हणजे दोन लिटर गेलं की शुद्ध हरपते. आधी चेहरा पांढराफटक पडतो, थंडी वाजते, बोलण्यात गोंधळ होतो, तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. हे सगळं त्याच क्रमानं येतं. तिथे जवळ सर्जन असता तरी त्या काळी वाचवणं कठीण होतं.

जर्मन वैमानिकाला वाचवताना त्याची झडती का घेत नाहीत?

शिकवण तीच होती: कैदी हाती आला की आधी शस्त्र काढा. दोघांनी ती चूक केली. ती मानवी आहे, म्हणून आम्हाला खटकत नाही. पॅराशूट का नव्हतं असं काही जण विचारतात. १९१७ मध्ये दोन्ही बाजूंच्या विमान वैमानिकांकडे ते नसे. जर्मनांना ते १९१८ मध्ये मिळालं.

ओसाड शेतावर ताजं दूध कुठून आलं?

ही बारीक चूक नक्कीच आहे. माघार घेणारे जनावरं हाकून नेत किंवा मारत. एक गाय सुटून राहिली असं धरलं तरी बादलीत दूध काढलं कोणी? थंडीत दूध एखादा दिवस टिकतं, म्हणजे दूध काढणारा आदल्या दिवसापर्यंत तिथे असायला हवा. चित्रपटाच्या तारखेला जर्मन तिथून कधीच गेलेले होते. ज्या गाईचं दूध रोज काढलं जात नाही तिचे सड दुखून ती हंबरडे फोडते. पडद्यावरची गाय शांत उभी आहे. हे गाई पाळणाऱ्या कोणालाही पाहताक्षणी कळतं.

त्याहून गंभीर आहे हातपंपाचं पाणी. नासवलेल्या विहिरींच्या मुलखात पाणी आधी इंजिनिअर किंवा वैद्यकीय पथक तपासत असे आणि त्यात ब्लीचिंग पावडर घालत असे. जखमी कैद्यासाठी सरळ पंप हापसणं ही सवयीची गोष्ट नव्हती.

एकूस्तच्या तळघरातली बाई आणि बाळ? जर्मनांनी कामाला येतील असे एक लाखाहून अधिक नागरिक आधीच हलवले होते आणि म्हातारे, आया, लहान मुलं न्वायों, हाम, नेल अशा गावांत सोडली होती. लढाईच्या अगदी रेषेवरच्या खेड्यात एकटी बाई लपून राहणं अशक्य नाही, पण फार विरळ.

तो दुपारपासून रात्रीपर्यंत बेशुद्ध असतो आणि उठून धावतो?

नाही पटत. डोक्याला मार लागून अर्ध्या तासापेक्षा जास्त बेशुद्धी आली तर आजचे डॉक्टर ती इजा किरकोळ मानत नाहीत. कित्येक तासांनी जागा झालेला माणूस ओकतो, तोल जातो, आपण कुठे आहोत हे त्याला आठवत नाही. स्कोफिल्ड जळत्या गावातून पळतो, झटापट करतो, नदीत उडी घेतो आणि निरोपाचा तपशीलही विसरत नाही. रात्र आणण्यासाठी कथेला तो खंड हवा होता. त्याची किंमत शरीराच्या खरेपणानं चुकवली आहे.

शिरस्त्राणाबद्दलही: ब्रिटिश पोलादी टोपी वरून पडणाऱ्या श्रॅपनेलसाठी, म्हणजे फुटलेल्या गोळ्यांतल्या छऱ्यांसाठी आणि तुकड्यांसाठी होती. जवळून झाडलेली रायफलची गोळी ती अडवत नसे.

जर्मनांचे सगळे नेम चुकतात कसे?

रात्री, वरून सरकत जाणाऱ्या फ्लेअरच्या, म्हणजे आकाशात सोडलेल्या जळत्या दिव्याच्या उजेडात सावल्या सतत हलतात, आणि पळणाऱ्या माणसावर बोल्ट रायफलनं नेम साधणं सोपं नाही. ते मान्य. कालव्याकाठचा स्नायपर मात्र दिवसाढवळ्या, जवळून, पुलावर अडकलेल्या माणसाला चुकवतो. प्रशिक्षित स्नायपर दोनशे मीटरवर डोकं टिपत असे.

नदी आणि धबधबा?

फ्रान्सच्या आर्तुआ प्रांतातल्या त्या भागात असा ओघ नाही. क्रुआझीयजवळून सेन्से नावाचा लहानसा ओढा जातो. पडद्यावरचं पाणी इंग्लंडमधल्या टीज नदीचं आहे. कालवाही तसाच. जवळचा कनाल द्यू नोर तेव्हा अर्धवट खोदलेला, कोरडा आणि जर्मनांच्या ताब्यात होता.

एप्रिलच्या सुरुवातीचं पाणी साधारण आठ-दहा अंशांचं असतं. पहिल्या एक-दोन मिनिटांत धाप लागून पाणी छातीत जाण्याचा धोका, दहा मिनिटांच्या पुढे हात-पाय साथ सोडू लागतात, अर्ध्या तासानंतर शरीराचं तापमान घसरतं. पडद्यावर तो काही मिनिटंच पाण्यात आहे, म्हणून वाचणं शक्य. बाहेर आल्यावर पाणी शोषलेल्या लोकरी गणवेशात तो थरथर कापायला हवा होता. तो झाडाला टेकून गाणं ऐकतो.

चेरी त्या दिवसांत फुलते का?

नेहमीच्या वर्षी एप्रिलमध्ये फुलते, आणि तोडलेलं झाडही खोडातल्या साठ्यावर एक बहर देऊन जातं. पण १९१६-१७ चा हिवाळा कडक आणि लांबलेला होता. ९ एप्रिलला आरासची चढाई हिमवर्षावात झाली. ६ तारखेला पाकळ्या गळत असतील याची शक्यता फार कमी.

ट्रकमधला शीख सैनिक चूक आहे का?

भारतीय तिथे होते का, या प्रश्नाचं उत्तर ठाम ‘होय’ आहे. भारतीय पायदळाच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाला (आजचा इराक) हलवल्या गेल्या, पण भारतीय घोडदळ १९१८ पर्यंत फ्रान्समध्ये होतं. त्यात ३४ वी पूना हॉर्स आणि २० वी डेक्कन हॉर्स होती. डेक्कन हॉर्सनं १४ जुलै १९१६ ला सॉमवर हाय वुडजवळ घोड्यावरून हल्ला केला.

चूक तपशिलात आहे. एकटा भारतीय ब्रिटिश पायदळाच्या तुकडीत मिसळलेला नसे, तो आपल्या रिसाल्यात किंवा वाहतूक दलात असे. घोडदळातला जवान ‘सवार’ असतो, त्याला ‘सिपाही’ म्हटलं आहे. आणि जोंडालर हे नाव शीख नाही.

मराठी वाचक विचारतात, आपली माणसं कुठे होती? मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात लढत होत्या. १०३, ११० आणि ११७ या पलटणी कूतच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथलं सैन्य शरण गेलं. फ्रान्सशी थेट नातं खडकीचं आहे. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड माइनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ व्या शीख पलटणीबरोबर नव शापेलच्या घराघरांत लढल्या. खंदक आणि पूल बांधणारी ही माणसं संगीन लावून पायदळासारखी पुढे गेली आणि त्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी पडले किंवा जखमी झाले.

एकाच शॉटमुळे काय बिघडतं?

अंतर. चित्रीकरण तुकड्यांत झालं, सर्वांत लांब सलग तुकडा साधारण साडेआठ-नऊ मिनिटांचा. ते जोडून सलग भासवलं आहे. सलग दाखवायचं म्हणजे चालण्याचे तास कापता येत नाहीत, मग जमीनच आवळावी लागते. पहिल्या जर्मन खंदकातून बाहेर पडताच तोफांची जागा येते. प्रत्यक्षात हॉवित्झर तोफा पहिल्या रेषेच्या तीन ते सहा किलोमीटर मागे असत. खड्ड्यांच्या मुलखात ताशी दोन किलोमीटर हा वेगही चांगला. जुन्या आघाडीपासून क्रुआझीय सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या वर आहे. तपासायचं असेल तर आजच्या नकाशावर जुन्या आघाडीवरचं गोमकूर गाव ते क्रुआझीय हे अंतर मोजा.

एका माणसावर एका दिवसात इतकी संकटं येतात का?

प्रत्येक संकट सुटं पाहिलं तर त्यातून वाचलेली माणसं सापडतात. अडचण गुणाकाराची आहे. स्फोट, विमान कोसळणं, स्नायपर, डोक्याचा मार, जळतं गाव, झटापट, नदी, शेवटची धाव: आठ प्रसंग. प्रत्येकात वाचण्याची शक्यता अर्धी धरली तरी आठही पार करणारा २५६ मध्ये एक. रनर जोडीनं आणि अनेक वाटांनी का पाठवत, याचं कारण या आकड्यात आहे.

ही ठिकाणं पाहायची असतील तर?

पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकावरून आरासला वेगवान गाडीनं सुमारे पन्नास मिनिटं लागतात. क्रुआझीय, एकूस्त आणि ब्यूलकूर ही तिन्ही गावं आरासपासून वीस किलोमीटरच्या आत आहेत. स्वतःचं वाहन किंवा सायकल असेल तर एका दिवसात होतात. एकूस्तजवळच्या एच. ए. सी. स्मशानभूमीची सुरुवात २ एप्रिलच्या लढाईनंतर सातव्या डिव्हिजननं केली. ब्यूलकूरला या लढाईचं संग्रहालय आहे.

नव शापेलचं भारतीय स्मारक आणखी उत्तरेला, वेगळ्या दिवसासाठी ठेवा. ते ७ ऑक्टोबर १९२७ ला खुलं झालं आणि त्यावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. नावं पलटणीनुसार कोरलेली आहेत, म्हणून घरातल्या कोणाचं नाव शोधायचं असेल तर पलटणीचा क्रमांक आधी लिहून न्या. तो १९१४ चा क्रमांक हवा. १९२२ च्या फेररचनेत बहुतेक पलटणींचे क्रमांक बदलले, आणि घरी जपलेल्या कागदांवर बऱ्याचदा नंतरचाच असतो.